कागदी घोड्यांची वैरण

कुताइसीच्या बाजारात, पुलाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी
एलगुजाचं जोडे शिवायचं खोपटं.
तोंडात खिळे धरून तो माझं हस्तलिखित वाचतो,
म्हणून त्याचे प्रश्न
दातांच्या फटीतून येतात, एकेक, टोकदार.

माझ्या कादंबरीत दोन चंद्र आहेत,
चाळीस हजारांची फौज,
आणि राखेच्या रंगाची प्रचंड पाखरं,
ज्यांच्या पाठीवर स्वार बसतात.
चंद्रांबद्दल त्याची तक्रार नाही.
"असतील दोन. पाखरंही असू देत.
पण अकराव्या दिवशी खिंडीत
घोड्यांनी काय खाल्लं, नातेला?"

मी म्हणते, गवत.

"बर्फात?"

सोविएत फौजेत तो कोठाराचा सार्जंट होता.
कुठे, ते सांगत नाही.
एका घोड्याला दिवसाला दहा किलो,
मग ती वैरण ओढायला आणखी घोडे,
त्या घोड्यांना आणखी वैरण…
माझ्याच पानाच्या पाठीवर तो आकडे मांडत जातो
आणि खिंडीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत
माझी फौज
स्वतःला खाऊन संपते.

मी इतकी वर्षं कागदी घोडे नाचवले.
त्यांनाही पोट असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा त्याने मला बूट काढायला लावला.
फडक्याचा एक चौकोन पसरला, त्यावर माझं पाऊल.
"मोजे नव्हते आम्हाला. हे होतं."
टोक अंगठ्यावरून, मग टाचेखालून, मग घोट्याभोवती,
लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसं.
मग मुद्दाम एक चुणी पाडली, तळव्याखाली.
"जा, पूल ओलांडून परत ये."
मी लंगडत आले.
"तीस किलोमीटरनंतर," तो म्हणाला,
"तुझा तो काळ्या चिलखतातला सम्राट नाही,
ही चुणी तुझी शत्रू."

त्या रात्री मी सेनापतीचं भाषण कापलं. सात पानं.
त्या जागी एक पोरगा बसवला,
दगडावर, ओल्या फडक्याची घडी सोडवत,
आणि अंगठ्याचं नख
फडक्याबरोबर निघून येतं.
शौचाचे खड्डे वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, तेही लिहिलं.
माझा प्रकाशक कळवतो: गती मंदावली आहे.
मंदावणारच. चालताहेत ते.

मग लढाईचं प्रकरण नेलं.
तो वाचत गेला, मान हलवत, जवळजवळ खूश.
एका ओळीवर थांबला.
"तीनशे पडले."
तोंडातले खिळे काढून
एकेक करून डबीत टाकले.
त्याचं तोंड रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आदल्या रात्री पाव किती जणांचे भाजले?"
सगळ्यांचे, मी म्हटलं.
"मग सकाळी तीनशे उरले.
त्यांचं काय केलंस?"

रिओनी खालून वाहत होती, पांढऱ्या गोट्यांवरून,
तिचा आवाज तेव्हा मला ऐकू आला.

"परत घेता येत नाहीत," तो म्हणाला.
"कोठाराच्या वहीत
न खाल्लेल्या पावाला रकाना नसतो.
वाटावे लागतात.
काहींच्या हातात दोन येतात.
आणि भूक लागलेली असते गं,
सपाटून लागलेली असते.
दोन्ही खातात.
कोणी कोणाकडे बघत नाही."

त्याने माझा जोडा उचलला, उगाचच,
टाच धड होती तरी ठोकून पाहिली.

मी विचारलं, पाखरं काढून टाकू का?
खोटी वाटतात आता.

"कशाला? ठेव," तो म्हणाला.
"फक्त पहाटे त्यांची घाण
कोण उपसतं, त्याचं नाव लिही."

आणि खिळे पुन्हा तोंडात धरले.